सरकारी योजना असताना मेडिक्लेम कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रुग्णालयात तळमजल्यावर एकाच पॅसेजमध्ये दोन टेबलं आहेत. एकावर आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणारा माणूस बसतो, त्याच्या डोक्यावर महात्मा फुले योजनेचा फलक. दुसऱ्यावर मी, म्हणजे मेडिक्लेम. मधे पाण्याचा कूलर. पेशंटला आत नेलं की नातेवाईक त्या कूलरपाशी येऊन थांबतात. एका हातात रेशनकार्ड, दुसऱ्या हातात मोबाईलमधलं पॉलिसीचं कार्ड. "साहेब, यातलं कुठलं दाखवू?" खालचे बहुतेक प्रश्न त्या कूलरपाशीच विचारलेले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्राला धरून आहेत. गोवा, सीमाभाग आणि परदेश यांचं शेवटाकडे.

सरकारी योजनेचं कार्ड आणि खासगी मेडिक्लेम, दोन्ही असलेलं चालतं का?

चालतं. खासगी पॉलिसी आहे म्हणून फुले योजनेतून किंवा आयुष्मान भारतमधून कुणाचं नाव कापत नाहीत. उलट बाजूनेही तसंच. योजनेचं कार्ड आहे म्हणून विमा कंपनी पॉलिसी नाकारत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक मेडिक्लेमचं कार्ड आरोग्यमित्रापासून लपवतात. लपवायची काहीच गरज नाही.

निवड करावी लागते ती दुसरी सरकारी सोय असणाऱ्यांना. सत्तरीच्या पुढच्यांसाठी जी आयुष्मान वय वंदना योजना आहे, तिथे केंद्र सरकारी आरोग्य योजना, माजी सैनिकांची योजना किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची योजना घेणाऱ्यांना दोन्हींपैकी एकच ठेवता येते. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा कामगारांचा सरकारी विमा, असणाऱ्यांना ही अट नाही.

आम्ही पांढऱ्या कार्डवाले. आम्हाला योजना लागू नाही ना?

लागू आहे, आणि हे वाक्य मला आठवड्यातून चारदा तरी म्हणावं लागतं. लोकांच्या डोक्यात अजून जुनी योजना बसलेली आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची होती, वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची. २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रक्कम कुटुंबामागे पाच लाख झाली, पांढऱ्यासह सगळी रेशनकार्डं आणि अधिवास प्रमाणपत्रवाले आत आले, आणि १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं.

म्हणजे 'आम्ही मध्यमवर्गीय, आम्हाला कोण विचारतं' हे आता महाराष्ट्रात खरं नाही. देशपातळीवर ते अजून पुष्कळसं खरं आहे. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की सुमारे ३० टक्के लोक, जवळजवळ ४० कोटी, मधेच लटकलेत: सरकारी योजनेसाठी पुरेसे गरीब नाहीत आणि स्वतःहून विमाही घेत नाहीत.

एकाच ऑपरेशनचा थोडा खर्च योजनेतून आणि उरलेला मेडिक्लेममधून, असं करता येईल का?

नाही. हे नीट समजून घ्या, कारण पॅसेजमधली अर्धी भांडणं यावरूनच होतात.

मेडिक्लेम बिलावर चालतो. खोली, डॉक्टर, औषधं, तपासण्या, सगळ्याची बेरीज होते आणि कंपनी त्यातलं बसेल तेवढं देते. योजना पॅकेजवर चालते. अमुक ऑपरेशनचे अमुक रुपये सरकार रुग्णालयाला देतं, त्यात खाट, ऑपरेशन, औषधं, जेवण सगळं आलं, आणि त्यावर रुग्णालयाने पेशंटकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. आता वरचं काही घ्यायचंच नसेल तर मेडिक्लेमला देण्यासारखं उरलं काय? 'योजनेत करा आणि प्रायव्हेट रूमचे पैसे मेडिक्लेममधून घ्या' हे म्हणूनच जमत नाही. योजनेचा पेशंट जनरल वॉर्डात असतो. ज्याला खोली हवी त्याने माझ्या टेबलावर यायचं.

दोन खासगी पॉलिसी असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आधी कुठली वापरायची ते तुम्ही ठरवता, आणि पहिलीची रक्कम संपली तर उरलेलं बिल दुसरीकडे पाठवता येतं.

मग नेमकं कुठलं कार्ड दाखवावं?

मागच्या पावसाळ्यात एक काका आले होते, बायपाससाठी. रेक्झिनच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं केशरी कार्ड. मुलगा पुण्याच्या कंपनीत, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडलांचंही नाव. मुलगा थेट माझ्याकडे आला. "वडिलांना योजनेत नको, चांगली ट्रीटमेंट पाहिजे." काका मागे गप्प उभे.

मी त्याला पॉलिसी उघडायला लावली. आईवडलांसाठी २० टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा घरचा. ऑपरेशनचा अंदाज होता २,८०,०००. त्यातले हातमोजे, किट, फाईलचे पैसे असले न मिळणारे खर्च पंधरा हजार धरले तर उरले २,६५,०००. त्याचे २० टक्के ५३,०००. एकूण खिशातून ६८,०००. कूलरच्या पलीकडच्या टेबलावर हेच ऑपरेशन, याच थिएटरमध्ये, हेच सर्जन, शून्य रुपयांत. मुलगा दोन मिनिटं गप्प झाला. "पण वॉर्ड?" वॉर्ड जनरलच. तेव्हा काका पहिल्यांदा बोलले: "अरे, मी खोली बघायला आलोय का हितं?"

त्यांनी योजना घेतली. पण दरवेळी तेच बरोबर ठरेल असं नाही. मी स्वतः विचार करताना हे बघतो:

तो उपचार योजनेच्या यादीत आहे का? सगळे नसतात, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत, खासगीत योजनेतून होत नाहीत. नुसती ओपीडी, तपासण्या आणि सलाईन लावून दोन दिवस झोपवणं यांसाठी योजनेकडे बघूच नका.

तुम्हाला हवं ते रुग्णालय योजनेत आहे का, आणि असलं तर त्या शाखेसाठी आहे का? हृदयासाठी नाव आहे पण मेंदूसाठी नाही, असं होतं.

थांबायला वेळ आहे का? योजनेला आधी मंजुरी लागते आणि ठरवून करायच्या ऑपरेशनला खाट मिळायला दिवस जातात. मेडिक्लेमच्या कॅशलेसला, म्हणजे कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते त्या सोयीला, विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात वेळ बांधून दिली आहे: पहिल्या मंजुरीसाठी एक तास, डिस्चार्जच्या वेळी तीन तास. तो एक तास आमच्याकडे दरवेळी एकच असतो असं मी म्हणणार नाही, पण आता नियम दाखवून भांडता तरी येतं.

आणि पॉलिसीत क्लेम न केल्याचा बोनस किती साठलाय? योजनेतून उपचार घेतले तर पॉलिसीवर क्लेम पडत नाही, बोनस तसाच राहतो, विम्याची रक्कम वर्षातल्या पुढच्या आजारपणासाठी अख्खी शिल्लक राहते. याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मोठं, महागडं, यादीत असलेलं ऑपरेशन योजनेतून आणि डेंग्यू, अपेंडिक्स, मुतखडा यांसारखी अचानक येणारी दुखणी मेडिक्लेममधून, अशी वाटणी बऱ्याच घरांना परवडते.

दाखल झाल्यावर मधेच टेबल बदलता येतं का?

मंजुरी निघायच्या आधी, हो. ऑपरेशन झाल्यावर, विसरा. तातडीच्या पेशंटसाठी आरोग्यमित्र फोनवरून कळवून नोंद करू शकतो आणि कागद मागाहून आणता येतात, पण ती नोंद त्याच वेळी व्हावी लागते. 'मेडिक्लेमचे तीन लाख संपले, आता उरलेलं योजनेत टाका' असं पाचव्या दिवशी सांगून काही होत नाही. पॉलिसीची रक्कम कमी असेल आणि आजार मोठा दिसत असेल तर पहिल्याच दिवशी दोन्ही टेबलांवर जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

योजनेतून फुकट ऑपरेशन झालं. आता मेडिक्लेमकडून काही मिळेल?

साध्या मेडिक्लेममधून नाही. तो झालेला खर्च भरून देतो, आणि खर्चच झाला नाही. बिल शून्य, क्लेम शून्य.

पण घरातली सगळी पाकिटं उघडून बघा. हॉस्पिटल कॅश नावाची पॉलिसी दिवसाला ठरलेली रक्कम देते, बिल कितीही असो. क्रिटिकल इलनेस पॉलिसी कॅन्सर, हृदयविकाराचा झटका असं निदान झालं की ठोक रक्कम देते. अपघात विमाही तसाच. या पॉलिसी तुम्ही किती खर्च केला ते विचारत नाहीत, काय झालं ते विचारतात. बँकेच्या कर्जाबरोबर चिकटवलेली असली एखादी पॉलिसी लोकांना आठवतही नाही. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि किती दिवस भरती होतो याची नोंद मागून घ्या. योजनेचा पेशंट म्हणून कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर ऐकू नका.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मेडिक्लेम चालतो का?

चालतो, पण कॅशलेस क्वचितच. आधी पैसे भरा, मग कागद पाठवा. तिथे भरायला फारसं असतही नाही: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडंफार शुल्क असतं. बाहेरून आणायला लावलेली औषधं, इम्प्लांट, बाहेर केलेला एमआरआय यांची पक्की बिलं आणि डॉक्टरची चिठ्ठी ठेवलीत तर ती क्लेममध्ये लावता येतात. कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही.

पॉलिसी नवी आहे आणि शुगर-बीपी जुनं. योजना उपयोगी पडेल?

दोन्ही असण्याचा खरा फायदा इथेच आहे. खासगी पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांना थांबावं लागतं. ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असायची, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली. सरकारी योजनेत तसं काही नाही. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात.

म्हणजे पन्नाशीत पॉलिसी काढणाऱ्याने ती तीन वर्षं योजनेच्या आधाराने काढायची आणि मेडिक्लेम तोवर पिकू द्यायचा. मी माझ्या थोरल्या भावाला हेच सांगितलं. त्याला ॲंजिओप्लास्टी लागली ती पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षात. माझ्याच टेबलावर आला असता तर मलाच त्याचा कागद परत करावा लागला असता.

योजनेत फुकट उपचार झाले, बिल नाही, कंपनीला कसं कळणार? पॉलिसी घेताना सांगायची गरज आहे का?

आहे. शंभर टक्के आहे.

एक गृहस्थ होते. दोन वर्षांपूर्वी योजनेतून स्टेंट टाकलेला. एजंटने फॉर्म भरताना हृदयविकारापुढे 'नाही' केलं आणि वर सांगितलं, सरकारीत झालं ते कुठे दिसतंय. पुढे छातीत दुखलं, आमच्याकडे आले, ॲंजिओग्राफी केली. स्टेंट पडद्यावर लख्ख दिसतो हो. डॉक्टरांनी केस पेपरवर जुना स्टेंट लिहिला, तो कागद मीच कंपनीला पाठवला, आणि क्लेम तर गेलाच, पॉलिसीही रद्द झाली. एजंटचा फोन बंद.

फॉर्ममध्ये विचारतात ते 'पैसे किती दिले' असं नसतं, 'आजार होता का, ऑपरेशन झालं का' असं असतं. शिवाय आजकाल योजनेची नोंद आधारला जोडलेली असते. सांगून पॉलिसी घेतलीत तर प्रीमियम थोडा वाढेल, थांबायची मुदत लागेल. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की त्यानंतर माहिती लपवली या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. त्या पाच वर्षांच्या भरवशावर खोटं लिहू नका. स्टेंट पाच वर्षं थांबत नाही.

आई ७३ वर्षांची. तिचं वय वंदना कार्ड निघालं. आता तिचा मेडिक्लेम बंद करू का? प्रीमियम झेपत नाही.

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच मिळालं. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. घर आधीपासून आयुष्मानमध्ये असेल तर वडीलधाऱ्यांसाठी हे पाच लाख वेगळे.

लगेच बंद करू नका. एकदा सोडलेली पॉलिसी या वयात परत मिळणं अवघड. वयाची ६५ ची आडकाठी नियमातून गेली आहे हे खरं, पण कंपनी तपासण्या मागते, प्रीमियम नव्याने लावते आणि इतक्या वर्षांत संपवलेली थांबायची मुदत पुन्हा शून्यापासून सुरू. पंधरा वर्षं हप्ते भरून जे कमावलं ते एका विसरलेल्या नूतनीकरणात जातं.

मधले रस्ते आहेत. विम्याची रक्कम कमी करून घ्या. को-पे स्वीकारून हप्ता उतरतो का विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्यामुळे जुन्या पावतीवरच्या आकड्याला घाबरू नका, नवा मागवा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५ चा.

आणि सगळ्यात आधी एक काम करा, जे कुणी करत नाही. आई राहते तिथून रिक्षाने जाता येईल अशा अंतरात वय वंदना घेणारी किती रुग्णालयं आहेत ते जाऊन बघा. वेबसाईटवर नको, प्रत्यक्ष. तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, हाडांचं करता का, डायलिसिस करता का. जवळ दोन चांगली मिळाली तर मेडिक्लेम बारीक करायला हरकत नाही. जवळचं रुग्णालय चाळीस किलोमीटरवर असेल तर ते कार्ड रात्री दोन वाजता आईच्या कामाचं नाही. मग पोटाला चिमटा काढून पॉलिसी ठेवा.

पाच लाख सरकारचे आहेतच, तर वरचा फक्त सुपर टॉप-अप घेतला तर?

ऐकायला झकास, वापरायला अडचणीचं. सुपर टॉप-अपमध्ये ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च कंपनी देते, पण तो खर्च बिलातून दिसावा लागतो. योजनेच्या पॅकेजमध्ये तुमच्या नावाने तसं बिल बनतच नाही. पाच लाखांची योजना ही पहिली पायरी आणि टॉप-अप दुसरी, असा जिना बांधता येत नाही, दोन्ही वेगवेगळ्या इमारतींत आहेत. टॉप-अपच्या खाली छोटी का होईना खासगी पॉलिसी किंवा नोकरीचा ग्रुप विमा असावा. नाहीतर मेडिक्लेमच्या रुग्णालयात गेल्यावर खालचे पाच लाख स्वतः भरायची तयारी ठेवा.

सरकार एवढ्यांना मोफत देतंय, मग खासगी विम्याचे हप्ते उतरायला नकोत का?

हिशोबाने उतरायला हवेत. मोठी ऑपरेशनं योजनेत गेली तर कंपन्यांवरचा भार कमी होतो. प्रत्यक्षात मला तसं दिसत नाही. एक म्हणजे ज्यांच्याकडे मेडिक्लेम आहे त्यातले बहुतेक योजनेच्या टेबलाकडे बघतही नाहीत, लाज वाटते किंवा माहीत नसतं. दुसरं, रुग्णालयवाले उघड म्हणतात की योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसेही उशिरा येतात. मग ती खोट कुठेतरी भरून निघते, आणि ती माझ्या टेबलावरच्या बिलात निघते अशी माझी समजूत आहे. तिसरं, औषधं आणि उपकरणंच महागतायत.

सरकारचा हात लागला की लोकांचा खिसा वाचतो हे मात्र आकड्यांत दिसतं. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. अर्थात अजूनही शंभरातले चाळीसएक रुपये घरचेच.

सगळ्यांना सगळं मोफत झालं तर खासगी विमा बंदच पडेल?

जिथे झालं तिथे पडला नाही, पण रूप बदललं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. १९८४ मध्ये तिथे सर्वांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना आली तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांकडे खासगी विमा होता. फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक सोडत गेले, नव्वदच्या दशकाअखेर तो ३० टक्क्यांवर आला. तरुण आणि धडधाकट आधी सोडतात, मागे आजारी उरतात, हप्ते वाढतात, मग आणखी सोडतात. शेवटी सरकारनेच १९९९ मध्ये हप्त्यावर ३० टक्के सूट दिली आणि जुलै २००० पासून तिशीनंतर उशिरा येणाऱ्याला दरवर्षी २ टक्के जादा हप्ता लावला. आकडा परत ४५ टक्क्यांच्या घरात गेला.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ पासून आहे. तिथे खासगी विमा थोड्यांकडेच असतो आणि तो मुख्यतः रांग टाळायला. अपघात आणि तातडीचं सगळं सरकारीतच. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालय सरकारी, म्हणून खासगी विमा औषधं, दात आणि चष्म्याकडे वळला.

मुलगा परदेशात आहे, तिथे सगळं फुकट असतं. आम्ही फिरायला गेलो तर?

त्याला फुकट, तुम्हाला नाही. ब्रिटनमध्ये मुलाने व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो, फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडलांना इमर्जन्सी विभागातले प्राथमिक उपचार मोफत मिळतील, पण वॉर्डात भरती केलं की दर दीडपट. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा असल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडलांना ६५ पूर्ण असले तरी पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय तिथली मेडिकेअर विकतही घेता येत नाही. निघण्यापूर्वी प्रवास विमा काढा आणि त्यात बीपी-शुगर खरं लिहा. इथल्या साध्या मेडिक्लेमचा तिकडे सहसा उपयोग नाही.

गोव्यात आणि सीमाभागात कसं?

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ची. किमान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांना, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख. सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, जात आली. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क सुरू झालं आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांना आपली स्वतःची सोय असण्याचं महत्त्व कळलं. बेळगाव, कारवार, बिदरकडच्या ८६५ सीमाभागातल्या गावांना महाराष्ट्राने फुले योजना लागू करायचं ठरवलं आहे. तिथल्या वाचकांनी आपल्या जवळचं नोंदणीकृत रुग्णालय आधी विचारून घ्यावं.

पगारातून ईएसआय कापतात. वेगळा मेडिक्लेम घ्यावा का?

महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला ईएसआय लागते, त्यात ओपीडी आणि औषधंही येतात, जी मेडिक्लेममध्ये सहसा नसतात. पगार त्यावर गेला की ती सुटते. म्हणून सुटायच्या आधी पॉलिसी सुरू करा.

रस्त्यावर अपघात झाला तर कुठलं कार्ड?

कुठलंच शोधत बसू नका, ११२ लावा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. कार्डांचं दुसऱ्या दिवशी बघता येतं.

योजनेच्या रुग्णालयाने पैसे मागितले, किंवा मेडिक्लेमने क्लेम नाकारला तर?

योजनेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. फोन तिथेच उभं राहून लावा. पैसे मागणाऱ्याच्या समोर लावला की बऱ्याचदा मागणीच विरते. पैसे दिलेच असतील तर पावती घ्या, पावती देत नसतील तर तेही तक्रारीत सांगा.

मेडिक्लेमसाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद घेतात. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

दोन्हीकडून काहीच जमलं नाही तर राज्यातली धर्मादाय रुग्णालयं उरतात. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर पहिल्या, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्या गटात. तहसीलदाराचा दाखला लागतो.

आत्ता कुणी आजारी नाही. आज करून ठेवण्यासारखं काय?

रेशनकार्ड काढा आणि त्यावरची नावं आधारशी लावून बघा. एकीकडे सुमन, दुसरीकडे सुमनबाई. नवी सून अजून माहेरच्या कार्डावर. दोन वर्षांच्या नातवाचं नाव कुठेच नाही. आरोग्यमित्राचा संगणक एवढ्यावरून अडतो, आणि मग मुलगा पेशंटला सोडून पुरवठा कार्यालयात रांग लावतो. नावं जुळली की घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करून आयुष्मान कार्ड काढा. मेडिक्लेमच्या पॉलिसीचं पहिलं पान आणि खोलीभाड्याची मर्यादा लिहिलेलं पान, या दोन्हींचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या. एकाच मोबाईलमध्ये ठेवलेत तर नेमका तोच पेशंटच्या खिशात असतो, आणि त्याचा पासवर्ड कुणाला माहीत नसतो.